वेटाकोपेच्या रंगवलेल्या भिंती

"हात लावू नका मॅडम, रंग ओला आहे," कोम्ला मास्तर म्हणाले, पण तोवर माझी दोन बोटं निळी झाली होती.

"आधी नाही का सांगायचं?" मी म्हटलं आणि बोटं ओढणीलाच पुसली. मग फॉर्मवर लिहिलं: भिंती गिलावा केलेल्या, रंग ताजा. गुण तीन.

ते चौदावं घर होतं. सकाळपासून मी प्रत्येक घराच्या भिंतींना तीनच गुण देत आले होते. छपरावर नवे कोरे पत्रे, त्याचे तीन. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा नवा संडास, त्याचे चार. पश्चिम आफ्रिकेत खेडी बघत हिंडून मला वर्ष झालं होतं, पण इतकं लखलखीत खेडं कुठे बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, बाप्पा, ही गरिबी असेल तर आमच्या पुसदला सगळेच भिकारी म्हणायचे.

मी पुसदची, वत्सला देवतळे. सरकारी आकडेवारीच्या खात्यात पंधरा वर्षं घरं मोजली. मेळघाटात मोजली, गडचिरोलीत मोजली. मग एका परदेशी संस्थेने मला दोन वर्षांच्या करारावर घाना आणि टोगो या शेजारी देशांत नेलं. ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं नीट घर कोणालाच मोजता येत नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

काम साधं होतं. संस्थेकडे एक गाडी तयार होती. आत स्ट्रेचर, औषधांची पेटी, आणि सोबत एक शिकलेली सुईण. ही गाडी एकाच गावात उभी राहणार होती. घानाच्या हद्दीत वेटाकोपे, टोगोच्या हद्दीत दालावे. मध्ये एक ओढा, ओढ्यावर पूल, पुलावर बांबू आडवा टाकलेली चौकी. पायी अर्ध्या तासाची वाट. दोन्हीकडे एकच एवे भाषा, सोयरीकसुद्धा एकमेकांत. कधीतरी गोऱ्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली आणि बहिणी-बहिणींचे देश वेगळे झाले, एवढंच. इस्पितळ दोघांनाही अडीच-तीन तास लांब. दोन्ही गावांत बाया बाळंतपणात जात होत्या. मी दोन्हीकडची राहणी मोजायची, आणि ज्या गावाला कमी गुण त्याला गाडी.

दालावे मी आदल्या आठवड्यात उरकलं होतं. तिथे मातीच्या भिंती, गवताची छपरं. चाळीसपैकी सरासरी सतरा गुण. तिथे आड्झो नावाची एक बाई भेटली होती, मक्याचं पीठ दळणारी, ठणठणीत आवाजाची. तिने मला बजावलं होतं, "माझी धाकटी बहीण पलीकडे वेटाकोपेत दिलीय. तिचं माझ्यापेक्षा वाईट आहे. आमच्याकडे निदान विहीर तरी आहे, ती ओढ्याचं पाणी पिते. तिला बघा आणि मग काय ते लिहा."

मी मान डोलावली आणि विसरून गेले. लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं मी केव्हाच सोडलं होतं. गडचिरोलीकडे एका माणसाने मला फाटकं घोंगडं दाखवून डोळ्यांत पाणी आणलं होतं, आणि निघताना पाहिलं तर घरामागे कडब्याखाली मोटारसायकल झाकलेली. तेव्हापासून माझा नियम होता: माणूस खोटं बोलतो, भिंत बोलत नाही. म्हणून फॉर्ममध्ये विचारण्यापेक्षा बघण्याचे रकाने जास्त. फॉर्म मीच तयार केला होता.

तर चौदावं घर आड्झोच्या त्याच बहिणीचं निघालं. आब्ला तिचं नाव. उंच, काटक, सातवा महिना लागलेली, हातात रंगाचा डबा. तीन बाळंतपणं झालेली, त्यातली एक मुलगी तेवढी जिवंत. गेल्या खेपेला दोन दिवस अडली होती. हे तिने मला विचारायच्या आधीच सांगितलं, कोम्ला मास्तरांच्या तोंडून. मास्तर म्हणजे माझे दुभाषे. निवृत्त शाळामास्तर, साठीचे, इस्त्रीचा शर्ट घालणारे आणि इंग्रजी असं बोलणारे की मलाच लाज वाटावी.

"एवढी रंगरंगोटी कशाला चाललीय गावात?" मी आब्लाला विचारलं.

मास्तरांनी विचारलं. ती डब्यातला रंग ढवळत राहिली.

"पाहुणे यायचे आहेत," मास्तरच म्हणाले.

"कोणाकडे?"

"सगळ्यांकडे."

हेही उत्तर मला सकाळपासून चौदाव्यांदा मिळत होतं. आणि त्यांच्या तोग्बेंचं, म्हणजे मुखियांचं, तसलंच. रीत अशी की गावात शिरताना आधी तोग्बेंना भेटायचं, दारूची बाटली भेट द्यायची, परवानगी घ्यायची. दालावेच्या तोग्बेंनी मला खुर्चीत बसवून नारळ पाजला होता. इथे मात्र एक म्हातारा म्हणाला, तोग्बे विश्रांती घेताहेत. दुसरा म्हणाला, तोग्बे प्रवासाला गेलेत. बाटली तेवढी घेतली. मी मनात म्हटलं, भाऊसाहेब पैसेवाले झालेत आणि आता तोंड लपवतात.

मी फॉर्म मिटणार, एवढ्यात आब्लाने रंगाचा डबा खाली ठेवला आणि बोलायला लागली. हळू आवाजात, भराभर, रस्त्याकडे बघत. चांगली दोन मिनिटं बोलली. मध्येच तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला, मग तोच हात भिंतीकडे नेला आणि जोरजोरात मान हलवली. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला दोन शब्दांत काहीतरी दटावलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, रंग चांगला बसलाय."

"मास्तर, ती एवढं बोलली आणि तुम्ही एवढंच सांगता?"

"आमची भाषा लांबट आहे, मॅडम," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला कळलं की ते काहीतरी गाळताहेत. पण मी काय समजले? मी समजले, बाई गाडी मागतेय. सगळ्याच मागत होत्या. पोटावर हात ठेवून मागितलं की ही बाई विरघळेल, असं वाटलं असेल तिला. मी तिच्या खांद्यावर थोपटलं, "हो हो, समजलं," म्हटलं, आणि पंधराव्या घराकडे निघाले. ती दारात उभी राहून बघत होती.

संध्याकाळपर्यंत वेटाकोपेची सरासरी निघाली: एकोणतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या गावी, जिथे मुक्कामाला होते तिथे, चहा घेत अहवाल पूर्ण करत होते. मास्तर आले. इतक्या लांबून, पहाटेच्या पहिल्या गाडीने. बसा म्हटलं तर बसेनात.

"मॅडम, एक विनंती आहे. अहवाल आत्ता पाठवू नका. दोन महिने थांबा. मग वेटाकोपे पुन्हा मोजा."

"काहून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग इंग्रजीत विचारलं, "का थांबायचं?"

"कारण मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? माहीत नाही की सांगायचं नाही?"

"माहीत आहे. पण बोलायची मनाई आहे. माझ्यावर आहे, सगळ्यांवर आहे. तुम्ही मला खोदून विचारू नका, पण माझ्यावर विश्वास ठेवा. तुम्ही जे पाहिलंत ते आमचं रोजचं नाही."

"मास्तर, तुमचं घर कुठल्या गावात?"

"वेटाकोपे."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? वर्षभर माझ्याबरोबर फिरताय, काल तुमच्याच गावात मी दिवसभर हिंडले, आणि एकदाही तोंडातून काढलं नाही की हे माझं गाव?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. आणि काल मला बोलायची भीती वाटत होती."

मी चिडले. आज वाटतं, त्यांच्या जागी जाऊन क्षणभर तरी बघायला हवं होतं. पण मला फक्त एवढंच दिसलं की हा माणूस आपल्या गावाला गाडी मिळावी म्हणून मला गुंडाळतोय. कडब्याखालची मोटारसायकल पुन्हा डोळ्यांपुढे आली.

"दालावेच्या बायांनी काय पाप केलंय?" मी म्हटलं. "त्यांच्या भिंती मातीच्या आहेत. त्या दोन महिने कशाला थांबतील? आब्लाला सातवा आहे, तसं तिकडेही चार जणींना आहे."

"आब्लाने तुम्हाला काल सांगितलं," ते एकदम म्हणाले. "तिने नियम मोडला. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. दोष माझा आहे, तिला त्याची शिक्षा नको."

"मग आत्ता सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मला आठवतंय. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "मी त्यांचा भाचा आहे, मॅडम. माझ्या तोंडून नाही निघायचं."

कोणाचा भाचा, काय, काही सांगितलं नाही. ते गेल्यावर मी अहवालाच्या शेवटच्या पानावर समासात एक ओळ लिहिली. ती ओळ मला आजही जशीच्या तशी पाठ आहे: "दुभाषा वेटाकोपेचा रहिवासी असून त्याने निकाल लांबवण्यासाठी दबाव आणला; त्यामुळे या गावाची खरी स्थिती नोंदीपेक्षाही बरी असावी." खाली सही केली, लफ्फेदार.

दहा दिवसांत निर्णय आला. घानाचे आकडे तसेही टोगोपेक्षा बरे असतात, आमच्या ऑफिसात सगळे तसं धरूनच चालायचे, त्यात माझा अहवाल. एप्रिलच्या मध्याला गाडी दालावेत उभी राहिली. सुईण आली, एन्योनाम नावाची, तिशीची, कामाला वाघीण. आड्झोने गाडीच्या बोनेटवर हात फिरवला आणि मला विचारलं, "बहिणीला बघितलंत?"

"बघितलं."

"आणि तरी इथे?"

मी म्हटलं, मला उशीर होतोय.

एप्रिलच्या अखेरीस मी कामासाठी संस्थेच्या जीपने त्याच रस्त्याने चालले होते. वेटाकोपेच्या अलीकडे धडाधड बंदुकीचे बार ऐकू आले. ड्रायव्हरने गाडी थांबवली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"तोग्बे गेले. आता जाहीर केलं."

"आत्ता गेले?"

"नाही हो मॅडम. जानेवारीतच गेले असतील. मुखियाचं मरण लगेच बोलत नाहीत. म्हणायचं, विश्रांती घेताहेत, प्रवासाला गेलेत. सगळी तयारी झाली, घरंदारं नीट झाली, की मग बार काढायचे. त्याआधी जो बोलेल त्याला गावात थारा नाही."

गाडीतून उतरून मी तशीच गावात गेले. गावभर लाल आणि काळी वस्त्रं नेसलेली माणसं, लोमेहून, अक्राहून, दोन्ही राजधान्यांतून आलेली. त्या नव्या संडासांपुढे पाहुण्यांच्या रांगा. मास्तर भेटले, अंगाभोवती काळं कापड गुंडाळलेलं. मला बघून ते थांबले.

"आता बोलू शकतो," ते म्हणाले. "मामा होते माझे. गावातलं प्रत्येक घर त्यांच्या कुळातलं. मुखियाला नेताना गाव उघडं-वाघडं दिसलं तर मेलेल्याचा अपमान होतो. म्हणून शहरातल्या पोरांनी रंग धाडला, पत्रे धाडले. तीन महिने लोक एक वेळ जेवले आणि भिंती रंगवल्या. निम्मे पत्रे तर परत करायचे आहेत, मॅडम. पाहुणे गेले की उतरवतील."

"आणि आब्ला काय म्हणाली होती त्या दिवशी?"

"म्हणाली होती, या भिंती आमच्या नाहीत, मेलेल्या माणसाच्या आहेत. माझ्या घरात काय आहे ते आत येऊन बघ. चुलीपाशी बघ. माझ्या पोटातल्याला या रंगाचा काय उपयोग?"

मी तिथेच मातीत बसले. मला रडू आलं, आणि मला माझाच इतका राग आला की रडूही धड येईना. पंधरा वर्षं घरं मोजणारी मी, एका घरात पाऊल टाकून चूल बघायची सोडून भिंतीवर बोट फिरवत बसले होते!

त्याच दिवशी पत्र लिहिलं. चूक माझी आहे, गुण रद्द करा, गाडी निदान आळीपाळीने ठेवा. उत्तर आलं चार आठवड्यांनी, दोन ओळींचं: अहवालात नोंदलेल्या कारणास्तव गावाच्या आक्षेपाची दखल आधीच घेतली आहे, फेरमोजणी नियमाप्रमाणे एक वर्षाने. म्हणजे समासातली ती ओळ माझ्यावरच उलटली होती.

आब्लाला मी जाऊन सांगितलं. तिने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मास्तरांनी या खेपेला शब्द न् शब्द सांगितला.

"पुलापलीकडे बहीण आहे माझी," ती म्हणाली. "शेवटचे पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहीन. तुम्ही कशाला रडता?" आणि हसून वर म्हणाली, "गाडीला बाई कुठल्या देशाची ते कळतं थोडंच?"

मी एन्योनामला तिचं नाव, महिना, सगळं लिहून दिलं. येत्या सोमवारी आब्ला पूल ओलांडणार होती.

त्या आठवड्यात टोगोत मतदान होतं. रविवारी सकाळी मी दालावेत होते, मुद्दाम, सोमवारची सोय बघायला म्हणून आदल्या दिवशी आलेले. मतदानामुळे पहाटेपासून पूल बंद. बांबूच्या जागी काटेरी तार आणि नेहमीच्या दोन ओळखीच्या शिपायांच्या जागी लांबून आणलेले सहा जण, त्यांना ना एवे येत होती ना गाव माहीत. पावसाने ओढा दुथडी भरला होता. एरवी लोक खालून गुडघाभर पाण्यातून जायचे, तेही बंद.

दहाच्या सुमाराला आड्झो धावत आली. तिला पलीकडून हाका ऐकू आल्या होत्या. आम्ही गाडी काढली, एन्योनाम पेटी घेऊन पुढे बसली, आणि पुलाच्या या टोकाला जाऊन थांबलो. पलीकडच्या टोकाला लाकडी दारावर आब्लाला आणलं होतं. घराचं दार काढून त्यावर. मास्तर होते, तिचा नवरा याओ होता, आणखी चार-पाच जण. मध्ये फक्त पूल, पन्नास पावलांचा.

"दिवस भरले नव्हते," आड्झो म्हणत राहिली. "दोन आठवडे होते अजून. दोन आठवडे होते."

मी शिपायांच्या म्होरक्याकडे गेले. ओळखपत्र दाखवलं, संस्थेचं पत्र दाखवलं, हात जोडले. अवो, मी त्याचे पाय धरले. आयुष्यात कुणाचे धरले नव्हते.

"आदेश आहे," तो म्हणाला. "सहा वाजता उघडेल."

"बाई मरेल सहापर्यंत!"

"तिकडे घानात दवाखाने नाहीत का? तिकडे तर सगळं चांगलं असतं म्हणतात."

हेच तर मी लिहून दिलं होतं.

एन्योनामने कठड्याला टेकून ओरडायला सुरुवात केली. कुशीवर वळवा. पाय वर घ्या. हात धुवा, मग बघा काय हाताला लागतं. मास्तर पलीकडून ओरडून सांगायचे, रक्त किती, कळा कशा. साठीचा तो माणूस, ज्याने आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले, तो गुडघ्यांवर बसून सुईण झाला होता. आब्लाचा आवाज आधी सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. नंतर तो येईनासा झाला.

दीड तासाने म्होरक्याने वायरलेसवर कुणाशी तरी बोलून एकट्या सुईणीला पायी जायची परवानगी दिली. एन्योनाम पेटी घेऊन पळाली. मी आणि आड्झो तारेपाशी उभ्या होतो. पलीकडे सगळे वाकलेले, आम्हाला फक्त पाठी दिसत होत्या. बराच वेळ गेला. मग मास्तर उभे राहिले, आमच्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तिकडे मरण सांगायची ती खूण आहे. आड्झो तारेवर कोसळली. तिचे तळहात सोलून निघाले, तरी ती तार सोडेना.

मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता.

मी करार मोडून घरी परत जाणार होते. मास्तरांनी अडवलं. इतकंच म्हणाले, "तुम्ही गेलात तर फेरमोजणीला दुसरं कोणी येईल. त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल." म्हणून राहिले. वर्षभर दिवस ढकलले. आता प्रत्येक घरात चुलीपर्यंत जात होते.

पुढल्या मार्चमध्ये मी वेटाकोपेत परत आले. फॉर्म नवा होता, त्यात काही रकाने मी भांडून घालायला लावले होते. निळा रंग पावसाने उतरला होता, खाली माती दिसत होती. बऱ्याच छपरांवर पुन्हा गवत आलं होतं. पहिल्याच घरात मी बसले, नाव विचारलं, आणि दुसरा प्रश्न विचारायच्या आत घरातली म्हातारी म्हणाली, "आब्ला मेली."

मी मान खाली घालून म्हटलं, "माहीत आहे, आई."

"लिही मग."

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तेच. कोणी सरपण फोडता फोडता म्हणालं, कोणी पोर मांडीवर घेऊन. ज्या गावाने आपल्या मुखियाचं मरण तीन महिने ओठांबाहेर काढलं नव्हतं, ते गाव आब्लाचं मरण मला घरोघर सांगत होतं, मी बसायच्या आधी, पाणी विचारायच्या आधी. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की नव्या फॉर्ममध्ये बाळंतपणात गेलेल्या बाईचा रकाना आहे आणि त्याने गावाचे गुण उतरतात. कोणी सांगितलं हे मी मास्तरांना विचारलं नाही.

"मास्तर, हा रकाना प्रत्येक घरात भरायचा नाही," मी शेवटी म्हटलं. "जिच्या घरातली, तिथेच फक्त."

"ते त्यांना माहीत आहे," मास्तर म्हणाले. "तरी सांगू द्या."

चौदाव्या घरात याओ होता. त्याची मुलगी आतल्या बाजूला चुलीपाशी काहीतरी ढवळत होती, बसून तिचा हात पुरत नव्हता म्हणून उभीच होती. मी आत गेले, चूल पाहिली, भांडी पाहिली, धान्याची कणगी पाहिली, जवळजवळ रिकामी. सगळं लिहिलं. मग तो रकाना आला: गेल्या बारा महिन्यांत या घरात बाळंतपणात मृत्यू. याओ काही बोलला.

"काय म्हणतो?" मी मास्तरांकडे न बघता विचारलं.

"म्हणतो, दोन लिहा. बाळही होतं."

"रकाना फक्त बाईचा आहे," मी म्हटलं.

मास्तरांनी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. मी एक लिहिला. मास्तर खाली वाकले, फॉर्मकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "जरा ठळक करा मॅडम. वाचणाऱ्याला दिसला पाहिजे."

मी पेन दाबून तो एक पुन्हा गिरवला.